अकरावी ओळ

माझी थोरली बहीण म्हणते, ती आयुष्यात एकदाच चुकली. मी तिच्याबरोबर एका घरात पन्नासहून जास्त वर्षं काढली आहेत, त्यामुळे या आकड्याबद्दल माझं मत वेगळं आहे. पण ती ज्या चुकीबद्दल बोलते ती खरोखरच मोठी होती. ती लिहून काढ, असं तिनेच सांगितलं. विनंती करणं तिला जमत नाही, तेव्हा हा हुकूम समजावा.

तिला सगळे ताई म्हणतात. ती व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करते. व्हॉल्व्ह म्हणजे त्या काचेच्या नळ्या, तापल्या की आत नारिंगी उजेड दिसतो त्या. जगाने त्या कधीच सोडून दिल्या; पण काही गवई, काही जुनी सभागृहं आणि काही हट्टी म्हातारे अजून त्यांनाच धरून आहेत, आणि ही सगळी मंडळी आमच्या दुकानाच्या पायऱ्या चढतात. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या. मी शाळेच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि दुकानातल्या पावत्या, फोन आणि ताईचा स्वभाव ही तीन कामं अंगावर घेतली. पहिली दोन सोपी आहेत.

धंदा बाबांचा. बाबा गेले तेव्हा ताई सव्वीस वर्षांची होती. दुकान कोण घेतं ते विचारायला माणसं आली, आणि ताई रबरी चटई घातलेल्या टेबलामागे एप्रन बांधून बसलेली दिसली. पहिली काही वर्षं गिऱ्हाईक दारातून डोकावून विचारायचं, ‘कारागीर कुठे गेलेत?’ ती म्हणायची, ‘जेवायला गेलेत, तोवर सेट इथे ठेवा.’ संध्याकाळी तो सेट वाजत असायचा. कारागीर जेवून कधी आलेच नाहीत, हे लोकांच्या लक्षात यायला बराच काळ गेला.

तिचं काम बघत बसावं असं आहे. सेट आला की आधी वायर भिंतीतून काढायची. बटण बंद केलंय यावर ती विश्वास ठेवत नाही, कारण बटण दुसऱ्या माणसाने जोडलेलं असतं. मग थांबायचं. काच गार होऊ द्यायची. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून असते, माणसाला आडवं करण्याइतकी. ती एका मोठ्या रेझिस्टरमधून हळूहळू उतरवायची आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. मापं घेताना डावा हात एप्रनच्या खिशात. दोन्ही हात सेटमध्ये गेले तर वीज एका हातातून शिरते, छातीतून जाते आणि दुसऱ्या हातातून निघते, म्हणून. तिच्या प्रत्येक एप्रनला डावीकडचा खिसा मी शिवलाय. व्हॉल्व्ह उपटताना काचेला नाही, बुडाला धरायचं. नवा घातला की पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून, म्हणजे सेटच्या वाटेत जोडलेल्या साध्या दिव्यातून. आत कुठे घोळ असेल तर बल्ब भगभगून पेटतो, सेट वाचतो.

आणि बदलीचा नियम. मूळ व्हॉल्व्ह मिळत नसला की त्याच्या जागी दुसरा घालावा लागतो. ताई म्हणते, पिना जुळल्या म्हणजे सोयरीक जुळली असं नव्हे. पिना कुठे काय जोडतात ते बघायचं, त्याचा हीटर, म्हणजे आतली तापणारी तार, किती वीज ओढतो ते बघायचं, आणि तो बसवल्यावर पुढे व्होल्टेज किती जातं ते बघायचं. खोबणीत बसला म्हणून घातला, हे वाक्य तिच्यासमोर बोललेला माणूस पुन्हा दुकानात यायला कचरतो.

या सगळ्यातून तिचा तक्ता झाला. कोणत्या व्हॉल्व्हच्या जागी कोणता चालेल, अशा बेचाळीस ओळी, एका मोठ्या कागदावर. कारागीर संघाने तो छापला. ज्या संघात तिला सभासद करून घ्यायला सहा वर्षं लावली, त्याच संघाने. बघता बघता तो शहरातल्या प्रत्येक दुकानात भिंतीवर गेला. ‘ताईंचा तक्ता’ हेच त्याचं नाव झालं, आणि खाली बारीक अक्षरात तिचं पूर्ण नाव. जे लोक तिला पाहून नाक मुरडायचे ते त्या नावाखाली बसून पोट भरू लागले. एकोणीस वर्षं तो तक्ता भिंतींवर होता. ताई बोलून दाखवायची नाही, पण कुणाच्या दुकानात शिरलो की तिची नजर आधी भिंतीकडे जायची, हे मी शंभरदा पाहिलंय.

मग एका सकाळी गाणं शिकवणाऱ्या बाईंचा सेट आला.

बाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. शिकवणी संपवून त्या बाहेर पडल्या, चष्मा विसरला म्हणून जिन्यातून परत फिरल्या, तर खोलीत धूर. अ‍ॅम्प्लिफायरची लाकडी पेटी मागून कोळसा झाली होती आणि वरच्या पडद्याची कड तपकिरी पडली होती. बाईंनी वायर ओढून काढली, त्यात मनगट भाजलं. चष्मा नाकावर असता तर घर गेलं असतं. हे सगळं त्यांनी आमच्या दुकानात बसून शांतपणे सांगितलं, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून.

ताईने पेटी उघडली. ट्रान्सफॉर्मर जळून काळा झाला होता. वीज सरळ करून पुढे देणारा जो व्हॉल्व्ह असतो, तिथे मूळचा फाइव्ह वाय थ्री नव्हता. त्याच्या जागी फाइव्ह यू फोर होता. दोघांच्या पिना तंतोतंत सारख्या. पण पहिल्याचा हीटर दोन अँपिअर ओढतो, दुसऱ्याचा तीन. ट्रान्सफॉर्मरमधलं तारेचं वेटोळं दोनच्या बेताने गुंडाळलेलं. त्याच्याकडून रोज तीनची हमाली करून घेतली होती. फ्यूजला एवढ्याशा फरकाचा पत्ताही लागत नाही. सेट लगेच बंद पडत नाही, उलट आवाज जरा खुलतो. तो आतल्या आत भाजत राहतो, कधी महिने, कधी वर्षं, आणि मग एखादा एक दिवस पेटतो.

‘हा कुठल्या गाढवाने घातला?’ ताईने विचारलं.

बाईंनी पुलाजवळच्या दुकानाचं नाव सांगितलं. ताईने मला फोन लावायला लावला. पलीकडचा कारागीर अजिबात घाबरला नाही. तो म्हणाला, ‘ताई, तुमचाच तक्ता. अकरावी ओळ.’

ताई उठली आणि आमच्याच भिंतीवरचा तक्ता वाचायला गेली. अकराव्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं, चालेल.

मला वाटलं आता ती बसेल, पाणी मागेल. तिने बाकावरचा आमचा स्वतःचा सेट पुढे ओढला. त्याच सेटवर तिने ही बदली करून पाहिली होती, आणि तो अकरा वर्षं थंडगार चालला होता म्हणूनच ती ओळ तक्त्यात गेली. दुपारपर्यंत तिने तो पूर्ण उकलला. आतला ट्रान्सफॉर्मर कारखान्याचा नव्हताच. बाबांनी हाताने गुंडाळला होता, लागते त्याच्या दीडपट जाड तार घालून. बाबांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट बेताने केली नाही. आमच्या शाळेच्या दप्तरांना सुद्धा तिहेरी शिवण असायची. त्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर चारचा हीटर घातला असता तरी चालला असता. ताईने एका अशा सेटवर विश्वास ठेवला की जो जगात एकच होता, आणि हीटर बघायचा हा स्वतःचाच नियम बाजूला ठेवला, कारण टेबलावर डोळ्यांदेखत चालत होतं.

ती मला म्हणाली, ‘चूक माझी आहे. छापील आहे. अडतीस दुकानांत आहे.’

मी तिला जे सांगितलं ते मला आज लिहायलाही जड जातं, पण लिहिते. मी म्हटलं, गप्प बस. पुलाजवळच्याला सांग, बाईंचा सेट फुकट करून दे, आणि पुढच्या छपाईत ओळ गुपचूप काढून टाक. तीस वर्षं ज्यांनी तुला पाण्यात पाहिलं त्यांच्या हातात आपणहून कोलीत देऊ नकोस. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा ठेवायला वर निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ती काळा मार्कर घेऊन बाहेर पडू लागली. रोज चार-पाच दुकानं. दुकानात शिरायचं, भिंतीवरच्या तक्त्यापाशी जायचं, अकरावी ओळ आडवी खोडायची, मग मालकाकडे वळून विचारायचं, ‘ही बदली कुणाकुणाला करून दिलीस? पत्ते दे.’ मी वही घेऊन मागे. कुणी हसलं, कुणी म्हणालं माझ्या गिऱ्हाइकाची तर काही तक्रार नाही, कुणी म्हणालं ताई, वय झालं आता. एकाने तर तक्त्यासमोर हात आडवा धरला. म्हणाला, तक्ता माझा आहे, भिंत माझी आहे. ताईने स्टूल ओढलं आणि दारातच बसली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती विचारायची, तुमच्या सेटमध्ये यांनी कोणता व्हॉल्व्ह घातलाय? दीड तासाने त्याने स्वतःच्या हाताने ओळ खोडली, आणि सहा पत्ते दिले.

सगळे मिळून चौसष्ट सेट निघाले.

तेवढ्यात संघाचे अध्यक्ष दुकानात आले. ताईने त्यांचं नाव जाड फ्यूज ठेवलं आहे, कारण बाकी सगळं जळालं तरी ते कधी उडत नाहीत. माणूस गोड बोलणारा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. महिन्याअखेरीला संघाच्या सभेत तक्त्याची नवी, रंगीत आवृत्ती निघणार होती आणि ताईचा सत्कार होणार होता. अध्यक्ष म्हणाले, सत्कार तर होणारच. अकराव्या ओळीचंही बघू. छपाईची चूक म्हणून जाहीर करू, छापखाना काही बोलणार नाही, तो बंद पडूनही आता दहा वर्षं झाली. कुणाचंच नाक कापलं जायला नको.

खरं सांगते, मला ते ऐकून हायसं वाटलं. मी खुर्ची पुढे सरकवून म्हटलं, बघ, किती सोपं आहे.

‘छापखान्याने मी दिलं तेच छापलं,’ ताई म्हणाली. ‘आणि तुम्हाला एक कळत नाहीये, अध्यक्ष. छपाईची चूक म्हटलं की माणूस म्हणतो, पण माझ्याकडे तर चालतंय, म्हणजे ओळच बरोबर असणार. तो काढणार नाही. ताई टेबलावर बघून फसली म्हटलं, तर तो आपलं टेबल पुन्हा तपासेल.’

अध्यक्ष म्हणाले, ‘मग तक्त्यावर तुमचं नाव ठेवणं आम्हाला अवघड जाईल.’

‘ठेवू नका.’

अध्यक्ष गेल्यावर मी तिच्यावर मनसोक्त ओरडले. त्या नावासाठी तिने काय काय सोसलं होतं ते मी पाहिलं होतं, आणि ते ती असं देऊन टाकत होती, जणू सुटे नट-बोल्ट. ती सोल्डरिंग करत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, की नाव राहिलं आणि कुणाचं घर गेलं, तर त्या नावाचं मी काय करू.

सभा रविवारी सकाळी अकराला होती. ताईने रिक्षातून एक सेट नेला. साधा, कारखान्यातून आलेला, अगदी तुमच्या-आमच्या घरात असतो तसा. आत फाइव्ह यू फोर घातलेला. व्यासपीठाच्या कडेला टेबलावर ठेवून तिने तो सुरू केला आणि हळू आवाजात एक बासरीची तबकडी लावून दिली. लोक येताना थांबून ऐकत होते. दोघा-तिघांनी माना डोलावल्या, आवाज काय गोड आहे म्हणाले. मग भाषणं सुरू झाली. संघाच्या भाषणांवर ताईचा पूर्ण भरवसा होता, ती दीड तासाच्या आत संपत नाहीत.

शेवटी अध्यक्षांनी तिला बोलावलं. ती सेटपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘अध्यक्ष, इकडे या. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यावर वरून हात ठेवा. वीज नाही तिथे, घाबरू नका.’

अध्यक्षांनी हसत हात ठेवला आणि तितक्याच लगबगीने उचलला. सभागृहात हशा पिकला. ताई हसली नाही. तिने आणखी चौघांना बोलावलं. चौघांनी हात उचलले. बासरी अजूनही तितकीच गोड वाजत होती.

‘हा सेट आत्ता उत्तम वाजतोय,’ ती म्हणाली. ‘तुम्ही याला पास कराल. मीही केला होता. अकरावी ओळ मी लिहिली, मीच चुकले. माझ्या बाकावरचा ट्रान्सफॉर्मर जाड तारेचा होता आणि मी तो उघडून बघितला नाही. बघितला असता तर या बाईंचा हात भाजला नसता.’ गाणं शिकवणाऱ्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. ताईने स्वतः त्यांना आणलं होतं. ‘उरलेल्या एक्केचाळीस ओळी मी पुन्हा मापं घेऊन तपासल्यात, त्या बरोबर आहेत. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येकाने स्वतः मोजा.’

टाळ्या नव्हत्या. मागून कुणीतरी म्हणालं, म्हणूनच म्हणत होतो, बायकांनी या फंदात पडू नये. मी वळून बघायच्या आत ताई म्हणाली, ‘पुढे ये आणि ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून हेच बोल.’ कुणी पुढे आलं नाही.

नवा तक्ता निघाला. रंगीत, गुळगुळीत कागद, एक्केचाळीस ओळी. वर ‘संघाचा तक्ता’. खाली तिचं नाव नव्हतं. एक प्रत टपालाने आली तेव्हा मी ती फाडायला निघाले होते. ताईने हातातून घेतली, पेन्सिलने एकेक ओळ तपासली, आणि बरोबर आहे म्हणून भिंतीवर लावली. त्या दिवशी मी रडले. ती रडली नाही, पण जेवलीही नाही.

धंदा निम्म्यावर आला. ‘ताईंचं काही खरं नाही आता,’ असं बाजारात बोललं जाई. तरी आम्ही पत्त्यांवर जात राहिलो. तिने प्रत्येक घरी जाऊन फाइव्ह यू फोर काढला, मूळचा घातला, ट्रान्सफॉर्मरचा वास घेतला, तापमान पाहिलं. तीन सेट पेटायच्या बेतात होते. त्यातला एक पाळणाघरात होता. तिथून बाहेर पडल्यावर ती फुटपाथवर बराच वेळ नुसती उभी राहिली. त्यानंतर मी तिला गप्प बस म्हणाले नाही.

त्रेसष्ट सेट झाले. चौसष्टाव्याचा मालक घर सोडून गेला होता, कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग ताईने वर्तमानपत्रात एक चौकट द्यायला सुरुवात केली, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. मजकूर तिचाच: ‘व्हॉल्व्हच्या जुन्या तक्त्यातली अकरावी ओळ चुकीची आहे. तुमच्या सेटमध्ये फाइव्ह वाय थ्रीच्या जागी फाइव्ह यू फोर असेल तर सेट लावू नका. आग लागू शकते. आम्हाला कळवा, येऊन फुकट बदलून देऊ. ही चूक माझी आहे.’ आणि खाली, ठळक अक्षरात, तिचं पूर्ण नाव.

अध्यक्षांचा फोन आला. म्हणाले, आता पुरे करा, संघाचं हसं होतंय. पुढच्या महिन्यापासून तिने चौकट दुप्पट मोठी केली.

चौसष्टावा सेट अजून सापडलेला नाही. पण गेल्या सोमवारी सकाळी फोन वाजला. दूरच्या कुठल्याशा गावचा एक म्हातारा होता. त्याचं नाव आमच्या यादीत नव्हतंच. तक्त्याची नक्कल कुणीतरी तिकडे नेली होती, म्हणजे चौसष्टच्या पुढेही किती आहेत देव जाणे. वर्तमानपत्रात बांधून कुठलीशी वस्तू त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने चौकट वाचली. सेट त्याच्या दिवंगत बायकोचा, ती रोज त्यावर गाणी ऐकायची, आणि आत फाइव्ह यू फोर होता. म्हातारा भयंकर संतापला होता. मी फोन ताईला दिला, तरी त्याचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होता. असला तक्ता कुणी केला, तो माणूस मला समोर हवा, असं तो ओरडत होता.

‘तो माणूस मीच,’ ताई म्हणाली. ‘नाव खाली छापलंय, वाचा. आधी उठून सेटची वायर भिंतीतून काढा. मग शिव्या द्या. मी इथेच आहे.’

पलीकडे रिसीव्हर खाली आपटल्याचा आवाज आला, मग पावलं, आणि तो परत फोनवर आला. त्याने वायर काढली असावी, कारण त्यानंतर त्याने खरोखरच शिव्या दिल्या, चांगली पाच-सात मिनिटं. ताई रिसीव्हर कानाला लावून ताठ बसून ऐकत होती. मधेच त्याने काहीतरी विचारलं, आणि तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, त्याला लिहून घेता येईल असं.